बिनकराच्या गावाला जाताना

कार्तिक सरत आला की आमच्या स्वयंपाकघरातल्या पश्चिमेच्या खिडकीतून जे ऊन आत येतं, त्याचा रंग नव्या गुळाच्या ढेपेसारखा असतो, आणि गावाबाहेर गुऱ्हाळं पेटलेली असल्यामुळे वाराही तसाच, किंचित करपट गोड वासाचा असतो. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. शेजारीपाजारी चहाची भांडी विसळली जात असतात तेव्हा आमच्याकडे ताटं मांडलेली असतात, आणि त्या तिरप्या उजेडात भाकरीच्या पापुद्र्यातून निघणारी वाफसुद्धा डोळ्यांना दिसते. आमच्या घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी वर्षानुवर्षं ह्याच वेळेला बोलल्या गेल्या आहेत. धाकट्या भावाचं, महावीरचं लग्न तिथेच ठरलं. अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या आजाराचं नाव तिथेच पहिल्यांदा उच्चारलं गेलं. आणि गेल्या हिवाळ्यात, दोडक्याची भाजी आणि आमसुलाचं सार असं साधंच जेवण पुढे असताना, मीही तिथेच वडिलांना, अप्पांना सांगितलं की मी दुबईला राहायला चालले आहे.

नोकरी लागली काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नोकरी नाही, माझं काम कुठेही बसून करता येतं. मग कशाला, असं त्यांच्या भुवयांनी विचारलं, तेव्हा मनाशी घोकून ठेवलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. चांगलं राहायला चालले आहे, समुद्राच्या काठी, स्वच्छ रस्त्यांच्या गावात. आणि तिथे मिळकतीवर कर नाही, हेही कारण आहे, ते मी लपवणार नाही. अप्पांचा घास ताटाशीच थांबला.

"कर न्हाय म्हंजे?"

म्हणजे आपण जे मिळवतो त्यातलं सरकारला काही द्यावं लागत नाही, मी समजावलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. नळाला पाणी आलं होतं, गल्लीत कुणीतरी घागर भरत होतं.

"मग तितं रस्त्यावर दिवं कोन लावतं?"

मी त्यांच्या वाटीत सार वाढलं. त्यांनी उरलेली भाकरी निमूट संपवली, कारण अन्न टाकणं त्यांना ठाऊक नाही, ताटात हात धुतला आणि ते उठून गेले. त्या दिवसापासून ह्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही.

अप्पा कोण, हे सांगितल्याशिवाय ह्या मौनाचं वजन कळायचं नाही. ते कोल्हापूर महापालिकेत घरफाळ्याच्या वसुलीचे कारकून होते. घरपट्टीला आमच्याकडे घरफाळा म्हणतात, आणि मंगळवार पेठेतली माणसं देवाला जितकी भीत नसत तितकी अप्पांच्या सायकलच्या घंटीला भीत. कुणाच्या घरी चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायचं, उन्हातान्हात दाराबाहेर उभं राहून नम्रपणाने पण ठाम आवाजात मागायचं, हा त्यांचा शिरस्ता. निवृत्त होऊन किती काळ लोटला, पण नजर निवृत्त झाली नाही. रस्त्याने चालताना ते माणसांकडे कमी आणि घरांकडे जास्त पाहतात. कुणी गुपचूप माडी चढवली, कुणी घरामागच्या परड्यात खोल्या काढून भाडेकरू ठेवले, हे त्यांना लांबून वास आल्यासारखं कळतं. लग्नाला गेलं तर अक्षता टाकून झाल्यावर ते कार्यालयाच्या लांबीरुंदीचा अंदाज घेतात. श्रवणबेळगोळला डोंगर चढून गेल्यावर, गोमटेश्वरापुढे डोळे भरून आलेले असतानाच, पायऱ्यांवरच्या दिव्यांचा खर्च कोण करतं अशी त्यांनी तिथल्या माणसाकडे चौकशी केली होती. त्यांच्या लेखी गाव हे एक मोठं घर होतं आणि कर म्हणजे त्या घराची भाजीभाकरी. जो देत नाही तो दुसऱ्याच्या ताटातलं खातो, इतकं सरळ.

आणि मी त्यांची थोरली मुलगी, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची, लग्न न केलेली, निघाले होते बिनकराच्या गावाला. नशीबही कधी कधी फार चोखंदळपणे चेष्टा करतं.

मी दागिन्यांचे आराखडे काढते. गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या कारागिरांसाठी ठुशी, साज, बोरमाळ आधी कागदावर काढत होते, मग संगणकावर काढू लागले, आणि पुढे त्या संगणकाच्या खिडकीतून माझ्या नक्ष्या कुठल्या कुठल्या देशांतल्या पेढ्यांवर जाऊन बसल्या. हे सगळं घडलं ते अव्वाच्या खाटेशेजारच्या टेबलावर. तिची एक बाजू लुळी पडली तेव्हा महावीर शिकत होता, अप्पा नोकरीत होते, आणि मी घरात होते. कुणी मला राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही, मी राहिले. तिला कुशीवर वळवायचं, अंगाला तेल लावायचं, भरवायचं, आणि तिचा डोळा लागला की पानाफुलांची वेलबुट्टी पुढे न्यायची. पडद्यावर सोन्याचे मणी ओवता ओवता माझ्या केसांत रुपेरी तारा कधी आल्या ते मलाच कळलं नाही. महावीरची फी माझ्या ठुश्यांनी भरली, घराची माडी माझ्या साजांनी चढली, आणि त्या माडीचा घरफाळा अर्थातच अप्पांनी पहिल्याच दिवशी जाऊन भरला. मला तेव्हा त्याचं दुःख नव्हतं. अव्वावर माझा जीव होता आणि ती जाईपर्यंत मी एका दिवसासाठीही कंटाळले नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

पण ती गेली, आणि रिकाम्या खाटेशेजारी बसून काम करताना माझ्या ध्यानात आलं की मला काहीतरी हवं आहे. काय ते मला दुबईला कळलं. दागिन्यांच्या प्रदर्शनासाठी चार दिवस गेले होते. एका संध्याकाळी खाडीच्या काठाने चालत निघाले. पाण्यावरून लाकडी होड्या इकडून तिकडे माणसं नेत होत्या, मसाल्याच्या दुकानांतून वेलदोड्याचा आणि ऊदाचा वास येत होता, सूर्य बुडून गेला होता आणि आकाश डाळिंबाच्या सालीसारखं झालं होतं. मी चालत होते आणि मला कुणीही विचारत नव्हतं, कुठं चाललाय, कवा येणार, एकट्याच काय. ह्या न विचारण्यालाही एक स्पर्श असतो, उन्हातून आल्यावर लागणाऱ्या माठातल्या पाण्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर माझ्याहून थोरल्या बायका पोहताना पाहिल्या. लहानपणी रंकाळा तळ्यात मी मुलांच्या बरोबरीने सूर मारत असे; परकर जाऊन साडी आली तसं ते सुटलं. त्या वाळूत चपला हातात धरून उभी असताना मी ठरवलं की मला इथे राहायचं आहे, सकाळी पोहायचं आहे, गॅलरीत बसून काम करायचं आहे, आणि जे मिळवेन ते सगळंच्या सगळं माझं असणार आहे. शेवटच्या गोष्टीने मला सर्वांत जास्त आनंद झाला, हे मी कबूल करते. आयुष्यभर माझ्या कमाईला घरात आणि दारात इतके वाटेकरी होते, की अख्खी भाकरी एकदा आपल्या ताटात पडावी असं वाटण्यात मला काही गैर दिसलं नाही.

गावाला मात्र दिसलं. कोल्हापुरात बातमी पायांनी चालत नाही, दुचाकीवरून जाते. मिसळीच्या दुकानात, बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या पायऱ्यांवर, भाजीवाल्या मावशींच्या पाटीशी माझ्या जाण्याची चर्चा झाली आणि प्रत्येकाने मला एक अब्रूदार कारण देऊ केलं. भावजय सुजाता स्वभावाने गरीब, तिचा माझ्यावर जीव. ती म्हणाली, आक्का, मी सांगतो की सगळ्यास्नी, कंपनीनं धाडलंय म्हणून. महावीरचं म्हणणं, प्रकृतीसाठी समुद्राची हवा हवी असं सांगावं. एका दूरच्या काकांनी तर तिथल्या जैन मंडळींची सेवा करायला जाते असं सांग, असा सल्ला दिला. मी सगळ्यांना एकच सांगितलं, मी चैनीसाठी आणि कर वाचवण्यासाठी चालले आहे, सगळं कायद्याने, कागद चोख करून. ऐकणाऱ्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू मी देवळात शिट्टी वाजवली. माणसाला कर्तव्यासाठी गाव सोडायला परवानगी असते, पोटासाठी असते, नवऱ्यासाठी तर असतेच असते. निव्वळ सुखासाठी, आणि तेही बाईने, ह्याला आमच्याकडे अजून शब्द नाही.

तालमीतल्या मंडळींना मात्र असल्या नैतिक पेचांशी कर्तव्य नव्हतं. कोल्हापुरात माणूस कुठेही गेला तरी त्याची निवडच झालेली असते, सोसायटीवर, शाळेच्या समितीवर, काही नाही तर वाढदिवसावर. त्यांनी चौकात फलक लावला: 'आक्कांची दुबई येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांच्या रांगा, आणि मधोमध महावीरच्या लग्नातला माझा फोटो, खांद्यावर कुणाचातरी अर्धा कापलेला हात. मी तणतणत गेले, काढा म्हणून सांगितलं, त्यांनी चहा पाजला आणि फलक तसाच राहिला. नंतर बाजारात जाताना दोनदा मी मुद्दाम तिकडून वळसा घालून गेले, तेवढं त्यांना सांगू नका.

अप्पाही त्याच चौकातून रोज बस्तीला जात होते. फलक त्यांनी पाहिला असणार. घरी येऊन ते काहीच बोलले नाहीत. वागण्यात तुसडेपणा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागायचं. पेपर वाचून झाला की माझ्यापुढे सरकवत, सार चांगलं झालंय म्हणत, थंडी पडायली, स्वेटर घाल म्हणत. फक्त जायची गोष्ट निघाली की उठून पडवीत जात. आणि मला तर त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, 'जा'. पन्नाशीच्या बाईला बापाची परवानगी कशाला, असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या तोंडावर दार लावलं असतं. परवानगीचा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाने सगळ्या पेठेला देणं शिकवलं त्याच्या नजरेत मी बुडवी ठरून जाणार असेन, तर तो समुद्र मला गोड लागणार नव्हता. तिकीट काढलं, तिथे घर पाहिलं, सामान बांधायला घेतलं, पण आतून मी ठरवून टाकलं होतं: अप्पांनी 'जा' म्हटलं नाही तर मी जाणार नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. रोज दिवस मावळायच्या आत जेवायला बसताना मी त्या एका शब्दाची वाट पाहत असे, आणि रोज अंधार पडे.

पौषात एक दिवस तिथल्या घराच्या भाड्याचे कागद आले. मी बारकाईने वाचत होते आणि एका कलमापाशी माझं डोकं भणाणलं. वार्षिक भाड्याचा ठरावीक हिस्सा तिथली नगरपालिका भाडेकरूकडून घेते, तोही वेगळा मागत नाही, विजेच्या बिलातच जोडून धाडते. मी जेवताना महावीरपाशी कुरकुर केली, बघ की रे, कर न्हाय, कर न्हाय म्हणतात आणि मागल्या दाराने हे. पलीकडे अप्पांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांनी ह्या विषयावर तोंड उघडलं.

"घराच्या भाड्यावर म्हंजे? मग त्यो घरफाळाच की!"

होय, मी वैतागून म्हटलं, घरफाळाच. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी अव्वा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. भाजी गार होत होती आणि ते मला खोदून खोदून विचारत होते, आकारणी कोण करतं, भाडं खोटं दाखवलं तर, हप्ते आहेत काय, तक्रार कुठे करायची. मला येत होतं तेवढं मी सांगितलं. सगळ्यात त्यांना भावली ती वसुलीची रीत. ज्यांनी चाळीस पायऱ्या चढून बंद दारं ठोठावली होती, ज्यांना 'मालक गावाला गेल्यात' हे मालकाच्याच तोंडून दाराआडून ऐकावं लागलं होतं, त्यांना विजेच्या बिलाची ती युक्ती एखाद्या पैलवानाला दुसऱ्याचा नवा डाव आवडावा तशी आवडली. बिल न भरलं तर दिवाच जाणार, चुकवायची सोयच नाही, असं म्हणून ते स्वतःशीच हसले. सुधारलेलं गाव दिसतंय, असा त्यांनी शेवटी निवाडा दिला. ज्या कलमाने माझा मूड गेला त्याच कलमाने दुबई त्यांच्या पंक्तीला येऊन बसली.

लोखंड तापलं आहे असं समजून मी लगेच विचारलं, मग जाऊ काय अप्पा. त्यांचं हसू विझलं. ताटाच्या कडेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "त्ये मला इचारू नगं." आणि उठले.

त्या रात्री मी आशा सोडली आणि पुढचे दिवस सोडलेल्या आशेने कपड्यांच्या घड्या करत राहिले. मला राग आला होता, खरं सांगायचं तर फार राग आला होता. दिवे कोण लावतं ह्याचं उत्तर मिळालं होतं, घरफाळाही सापडला होता, आता ह्या माणसाचं घोडं अडलं होतं तरी कुठे? इतकी वर्षं मी ह्या घरात जे काही केलं ते त्याला दिसलंच नाही का, असा एक जुना, शिळा, कधीच न उच्चारलेला प्रश्न माझ्या घशाशी आला. तो मला नवीन नव्हता हे पाहून मीच दचकले. अव्वासाठी केलं त्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण कुणी एकदा म्हणावं तरी, एवढं मात्र वाटत आलं होतं.

माघातली ती सकाळ उजाडली. हवेत थंडी होती, वाटेवर कुणीतरी सडा टाकल्यामुळे ओल्या मातीचा वास होता, आणि मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी दाराशी येऊन लागली होती. गाडीवाले मामा टायरला लाथा मारून हवा तपासत होते. बॅगा पडवीत. महावीर घाई करत होता. अप्पा घरात नव्हते, पहाटेच कुठेतरी गेले होते, आणि मी अव्वाच्या खोलीत तिच्या खाटेच्या कडेला बसले होते. निघायचं नाही असंच मी जवळजवळ ठरवलं होतं. गाडी परत धाडायची, बॅगा माडीवर नेऊन ठेवायच्या, आणि फलक काढायला सांगायचा, एवढंच करायचं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावर हलगी वाजली. कडकडीत, सुकलेल्या पानांवर गारा पडाव्या तशी, आणि तिच्या मागून घुमक्याचा घुमणारा आवाज. तालमीचा कुणी पैलवान मैदान मारून आला असेल असं मला वाटलं. आवाज पुढे पुढे आला, आमच्या दारापाशी आला, आणि तिथून हलेना.

मी ताडकन उठले. कारण आमच्या गावात हलगी दाराशी येऊन थांबते ती दोनच कारणांनी. एक तर त्या घरातलं कुणीतरी जिंकून आलेलं असतं. नाहीतर त्या घरात थकबाकीदार राहत असतो. अप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या काळात ही रीत निघाली होती. सांगून, मागून, नोटिसा देऊनही जो फाळा भरत नसे त्याच्या दारात हलगी लावायची, चारचौघांत नाव पुकारायचं, लाजेने तरी भरेल म्हणून. अप्पांना ते काम जिवावर यायचं. आदल्या संध्याकाळी ते त्या घरी जाऊन हळूच सांगून येत, उद्या हलगी येणार, लेकीबाळींना पाहुण्यांकडं धाडा. आणि आज ती आमच्या दारात वाजत होती, कराला पाठ दाखवून निघालेल्या मुलीच्या दारात. ते असं करतील? मला पुढचा विचार करवेना. मी पदर खोचला आणि बाहेर आले.

रस्त्यावर सगळी गल्ली जमली होती. हलगीवाले, घुमकंवाला, झांजांसारखं कैताळ वाजवणारा, तालमीतली मंडळी, भाजीवाल्या मावशी. आणि त्यांच्या पुढे अप्पा, आमच्याच घराकडे तोंड करून, वसुलीच्या दिवशी उभे राहत तसे ताठ. अंगात तो जुना काळा कोट, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी हात वर केला, हलगी थांबली. मग गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ते बोलले. म्हातारपणाने तो आवाज मऊ झाला आहे असं मी समजत होते.

"ऐका मंडळी. ह्या घराचा मालक थकबाकीदार हाय. थोरल्या लेकीची बाकी हाय त्याच्याकडं. हिनं आईचं अंथरून काढलं, भावाला शिकिवलं, घराला माडी चढिवली. हिनं कवा मागनी केली न्हाय, म्हनून आमी कवा दिलं न्हाय. आता फेडतो म्हटलं तर फिटायचं न्हाय. म्हनून मीच हलगी लावली, माझ्याच दारात."

महावीर माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू आला. अप्पा आता माझ्याकडे वळले, आणि आवाज खाली आला.

"तू इचारलंस, जाऊ काय. ज्याच्याकडं बाकी हाय त्यानं कुनाला जा-ऱ्हा कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हनून गप हुतो. आता कबूल केलंय चारचौघांत. आता म्हनतो. जा बाळ. चांगलं ऱ्हायला चाललीस न्हवं? मग चांगली ऱ्हा."

मी रडले. आवाज करून, नाक लाल होईपर्यंत, गल्लीदेखत रडले, आणि त्यांच्या पायाशी वाकायला गेले तर त्यांनी मला अर्ध्यातच धरलं, थकबाकीदाराच्या पाया पडत नसतात असं काहीतरी पुटपुटत. तेवढ्यात हलगीवाल्याने ठेका बदलला. आमच्याकडे लहान मूलसुद्धा तो ठेका ओळखतं. कुस्ती निकाली झाली, पाठ लागली, की मैदानात तोच वाजतो. सुजाताने कुठूनसा गुलाबी फेटा आणला आणि माझ्या डोक्याला बांधला, वाकडा, घाईघाईत, हसत आणि डोळे पुसत. मावशी म्हणाल्या, आता नाचा की, निवड झालीया. मी आयुष्यात रस्त्यावर नाचले नव्हते. पण माघातल्या त्या कोवळ्या उन्हात, अर्धं आयुष्य ज्या दारातून मान खाली घालून ये-जा केली त्या दारात, मी पन्नाशीच्या गुडघ्यांनी नाचले. सुजाता नाचली, मावशी पाटी खाली ठेवून नाचल्या, आणि अप्पा कोटाच्या खिशात हात घालून एका पायाने ठेका धरत उभे राहिले. फेटा सुटून गळ्यात आला तरी हलगी थांबेना. शेवटी गाडीवाले मामाच मध्ये पडले, विमान चुकेल म्हणाले.

शिरोलीचा पूल ओलांडला तेव्हा पंचगंगेवर अजून धुकं होतं, आणि कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागल्यामुळे गाडी पावलापावलाने चालली होती. हलगी बंद होऊन बराच वेळ झाला होता, तरी माझ्या बरगड्यांत ती वाजत होती. मी आतल्या आत चाचपून पाहिलं. गेले तीन महिने ज्या जोरावर मी सगळ्यांना तडातडा उत्तरं देत होते, त्या जोराखाली एक तक्रार होती, हे आता ती नाहीशी झाल्यावर कळत होतं. माझं कुणी काही मानलं नाही, म्हणून मी माझं सगळं उचलून दूर जाणार होते, जिथे कुणी वाटेकरी नसेल. ते तर आता मानलं गेलं, हलगी लावून मानलं गेलं. मग जायचं कशाला? मी हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला, आणि उत्तराची वाट पाहताना मला थोडी भीतीही वाटली.

रागाची सगळी शिदोरी संपली होती आणि तरीही मला जायचंच होतं. कुणावर रुसून नाही, कुणाला दाखवायला नाही; नुसतं हवं आहे म्हणून. आपल्याला एखादी गोष्ट विनाकारण हवी असू शकते, आणि ती हवीशी वाटत असताना छाती इतकी हलकी असू शकते, हे मला ह्या वयापर्यंत माहीत नव्हतं. मला हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी तर थांबलंच नव्हतं.

मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली.

"काय ऱ्हायलं काय आक्का घरात? वळवू का माघारी?"

"न्हाय वो मामा," मी म्हटलं. "काय ऱ्हायलं न्हाय. चला फुडं."